महाराजांच्या डोक्यावरचा दिवा

राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भांडी धुण्याची दोन यंत्रं आली, आणि त्यांतलं कोणतं ठेवायचं नि कोणतं परत पाठवायचं या प्रश्नावर राज्याचा कारभार तीन दिवस थांबला. एरवीही तो फारसा चालत असे असं नाही, पण या खेपेला थांबायला कारण तरी होतं.

यंत्रं बाहेरून जुळ्या भावांसारखी. फरक काय तो पोटात. यंत्रं बसवायला आलेला मिस्त्री चहा पिता पिता तो फरक समजावून सांगत होता, तेव्हा बाकी सगळे पोचपावतीवर सह्या करण्यात गुंतले होते. ऐकायला एकटी तुंगाबाई होती. गेली बावीस वर्षं राजवाड्याची भांडी घासणारी, आणि त्या दिवशी चहा केला तोही तिनंच. मिस्त्री म्हणाला, पाणी फवारणाऱ्या पंपाला मोटर लागते. एका यंत्रात जुन्या धाटणीची कपॅसिटरवाली मोटर आहे. ती हिसका देऊन उठते, एकाच वेगानं फिरते आणि सारखी घूं घूं करते. दुसऱ्यात नवी, चुंबकाची. ती सावकाश उठते, लागेल तसा वेग कमीजास्त करते आणि ओरडत नाही. म्हणून महाग.

कोणती मोटर कशात हे मागच्या पाटीवर छापलेलं होतं. पण कोठीकारकून बाबाजीपंतांनी त्याच पाटीवर तेलरंगानं सरकारी नोंदणी क्रमांक रंगवला, कारण दोन्ही यंत्रांवर सपाट जागा तेवढीच होती. रंग खरवडायला लेखी हुकूम लागत होता. यंत्र उघडलं तर गॅरंटी जात होती.

महाराजांना हवं होतं शांत यंत्र, कारण त्यांची दुपारची झोप मुदपाकखान्याच्या बरोबर वरच्या दालनात होत असे. अखेर ते स्वतः खाली आले, दोन्ही यंत्रं सुरू करवली, डोळे मिटून ऐकलं आणि डावं शांत आहे असा निकाल दिला. प्रधानजींनाही डावंच शांत वाटलं. सेनापती एका कानानं ठार बहिरे होते, त्यांना दुसऱ्या कानानं डावंच शांत वाटलं.

तेवढ्यात मोरीवरून आवाज आला, "उजवं शांत आहे, महाराज."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तुंगाबाई कढई घासत होती.

महाराजांनी दिलेला निकाल आजवर कुणी फिरवला नव्हता, खुद्द महाराजांनीसुद्धा. ते म्हणाले, "कान सगळ्यांनाच असतात, तुंगाबाई. आता कानाशिवाय ओळखून दाखव. यंत्रं इथे, तू वर दरबारात, मधे तीन चौक. प्रधानजी मनाला येईल त्या क्रमानं एकेक सुरू करतील. आधी कोणतं नि मग कोणतं ते सांगायचं. चुकलीस तर उद्यापासून येऊ नकोस. नाहीतरी आता यंत्र आलंच आहे."

तुंगाबाईनं हात धुतले. बावीस वर्षांची भाकरी होती, पण ती नुसतं बरं म्हणाली. फक्त उन्हाचा डोळ्यांना त्रास होतो म्हणून दरबाराचे पडदे ओढावेत आणि महाराजांच्या डोक्यावरचा दिवा लावावा, एवढीच विनंती तिनं केली. तो दिवा म्हणजे आजोबामहाराजांच्या वेळचा तारेचा बल्ब. राजवाड्यातले बाकीचे सगळे दिवे बदलले होते. हा बदलायचा नाही, असा महाराजांचा हट्ट होता.

मुदपाकखान्यातून शिंग वाजलं. पहिलं यंत्र सुरू. तुंगाबाई वर बघत उभी राहिली. महाराजांना वाटलं, देवाचा धावा चाललाय. बराच वेळ गेला. मग ते यंत्र बंद झालं, दुसऱ्यांदा शिंग वाजलं. तुंगाबाई पुन्हा वरच बघत राहिली.

"आधी डावं, मग उजवं," ती म्हणाली.

प्रधानजींची बंद चिठ्ठी आली, फोडली. आधी डावं, मग उजवं.

"दोनांतलं एक. लागला नेम," महाराज म्हणाले.

"नेम नाही, महाराज. या दिव्याला वीज येते ती मुदपाकखान्याच्याच तारेवरून. जुनी मोटर उठताना एकदम मोठा घोट घेते, तेव्हा दिवा डोळा मिटतो. नवी हळूहळू पिते, दिव्याला पत्ताही लागत नाही. पहिल्या खेपेला दिव्यानं डोळा मिटला."

सेनापतींना राहवेना. ते म्हणाले, दिवा तर दोन्ही वेळा मंद झाला, आम्ही पाहिला.

"तो पाणी तापायला लागल्यावर, सरकार. ते दोघांतही सारखंच. तेव्हा दिवा मंद होतो नि मंदच राहतो. मोटरीचं काम नुसतं पापणीएवढं. पिठाची गिरणी सुरू झाली की माझ्या मोरीवरचा दिवा बावीस वर्षं हेच करायचा."

महाराजांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमचा कान चुकला?"



"कान कसा चुकेल? डाव्या यंत्रात तेव्हा दोन चमचे होते. उजव्यात कालच्या मेजवानीची सगळी पातेली. महाराजांनी पातेली अगदी बरोबर ऐकली."

महाराजांनी पाट्या खरवडायचा तोंडी हुकूम दिला. तोंडी हुकूम ऐकून बाबाजीपंत मटकन खाली बसले. तुंगाबाईनं राख नि काथ्या घेऊन दोन्ही पाट्या लखलखीत केल्या. डाव्यावर कपॅसिटर, उजव्यावर चुंबक.

"मग डावं परत पाठवू?" महाराजांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं.

"परत कशाला? कचेरीत ठेवा. चहाचे कप तिथं भरपूर. आणि आतून घूं घूं ऐकू आलं, तर काम चाललंय असं तरी लोकांना वाटेल."

महाराज जे हसले ते डोळ्यांतून पाणी येईतो हसले. प्रधानजींनी आधी महाराजांकडे नीट पाहून घेतलं, मग तेही हसले. त्याच दिवशी हुकूम निघाला, लेखी: उजवं यंत्र तुंगाबाईच्या ताब्यात, पगार दुप्पट, आणि यंत्र चालू असेतो तिनंही दुपारी महाराजांइतकीच झोप घ्यावी.