पागोट्याचं कापड

“उस्ताद, याहून तलम कापड अख्ख्या चंदेरीत कुणी विणलंय का?”

शब्बीर हातांवर रेशमी पागोटं घेऊन उभा होता. आठ महिने खपून त्यानं ते विणलं होतं. उद्या ते दरबारात जायचं होतं. त्याआधी नियामत उस्तादांनी एकदा ‘झालं’ म्हणायचं, की तो स्वतःचा माग मांडायला मोकळा.

“अंगठीतून आरपार जातं.”

“हं.”

“मुठीत धरलं तर मूठ रिकामी वाटते.”

“हं...”

शब्बीरचा पारा चढू लागला. घमेंड होतीच त्याला. खरं सांगायचं तर ती अगदीच पोकळ नव्हती.

तेवढ्यात शेजारचा हरलाल रंगारी दारात आला. हातांवर आत्ताच जन्मलेलं मूल. ते रडलंच नव्हतं.

“बाबा, सुईण म्हणते, संपलं. पुरायला नेतोय. वर घालायला एखादा तुकडा...”

शब्बीरनं मागाखालचा जाडाभरडा तुकडा उचलला.

“तो नको,” उस्ताद म्हणाले. “हे दे.”

“उस्ताद! मयताला लागलेलं पागोटं डोक्याला कोण बांधेल?”

उस्तादांनी हात पुढे केला. शब्बीरनं मान खाली घातली आणि कापड पुढे केलं.

“दार लोट. वारा नको.”

उस्तादांनी मुलाला चटईवर निजवलं, कापडाचा एकच पदर त्याच्या तोंडावर ठेवला आणि वाकून पाहू लागले. हरलालला हुंदका आला. उस्तादांनी हात वर केला. तिघांनीही श्वास रोखला.

कापड निपचित पडून होतं.

...

मग ओठांपाशी ते हललं. जरासंच. पुन्हा हललं.

शब्बीर चटईशी वाकला. आठ महिने त्यानं हेच कापड हाताळलं होतं, पण ते असं हललेलं कधी पाहिलं नव्हतं.

उस्तादांनी मुलाला पालथं घेतलं, घशातला चिकटा बोटानं काढला, त्याच कापडानं तोंड पुसलं, तळवे खसाखसा चोळले. मुलानं एकदम टाहो फोडला. हरलाल त्याला छातीशी धरून घराकडे धावत सुटला.

पागोट्यावर तांबूस डाग पडला होता. ते आता दरबारात जाणार नव्हतं. शब्बीर डागाकडे पाहत बसला. त्याला वाईट वाटत नव्हतं, आणि याचंच त्याला नवल वाटत होतं.

मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, “उस्ताद... कापड कसं झालंय?”

“कापड कुठं होतं, बेटा? मला तर नुसता श्वास दिसला.”