किटलीचं तिसरं गाणं

त्या राज्यात फक्त भांडी राहत, आणि तिथे कुणीही स्वतःसाठी पाणी मागत नसे. मागणं म्हणजे हलकेपणा. शेजाऱ्याचं पाणी उतरलेलं दिसलं की आपण उठून ओतायचं, आणि आपलं उतरलं की शेजारी ओतेल म्हणून गप्प बसायचं, अशी रीत होती. रीत तशी चांगलीच होती. शेजाऱ्याचं आपल्याकडे लक्ष आहे, एवढं मात्र तिच्यात गृहीत धरलेलं होतं.

एका हिवाळ्यात तिथे एक काळी किटली राहायला आली. उत्तरेच्या बर्फाळ गावात ओतलेली, बिडाची, बसक्या अंगाची. ओतणाऱ्याने तिच्या तळाला आतून लोखंडाच्या चार कपच्या चिकटवल्या होत्या. पाणी तापलं की त्या थरथरत आणि किटली गाऊ लागे. आवाज त्या राज्याला नवे नव्हते. पातेली खणखणत, परात पडली की दहा घरं दचकत. पण ते सगळे आपटण्याचे आवाज. ही न आपटता गात होती, आणि शब्दही कुणाचे उसने नव्हते.

तिच्या पहिल्या गाण्यात फार काही नव्हतं. तिला ओतलं त्या दिवशी भट्टीच्या छपरावर बर्फ पडत होता आणि टेकताच वितळत होता, इतकंच. ते पहिल्यांदा ऐकलं शेजारच्या तांब्याने. गळ्यापाशी पोचा आलेला, जरा भिडस्त गडी. गाणं संपलं की तो उठून तिच्यात पाणी ओतायचा. गार पाणी पडताच किटली गप्प होई, आणि ती पुन्हा तापेपर्यंत दोघं बोलत बसत.

"तुझ्या पोटात वाजतं तरी काय गं?" त्याने एकदा विचारलं.

"मलाही कुठे दिसतंय? पाणी असलं की दुखत नाही, एवढं कळतं."

हे गाणं सांडशीच्या कानावर गेलं. सांडशीला पोट नव्हतं, त्यामुळे तहान म्हणजे काय हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दोन लांब हात मात्र होते. कुणाला चुलीवर चढवायचं आणि कुणाला उतरवायचं, हे त्या राज्यात तीच ठरवी. तिने किटलीला उचललं आणि चौकातल्या मोठ्या चुलीवर नेऊन ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत किटलीचं दुसरं गाणं घरोघरी पोचलं. तरण्या वाट्या तिच्यासारखं झाकण तिरपं ठेवू लागल्या, ज्यांना झाकण नव्हतं त्यांनी उसनं आणलं. लांबलांबून हंडे आले, कळशा आल्या. आणि हळूहळू सगळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पाणी जसजसं कमी होई, तसतसा किटलीचा आवाज बारीक आणि गोड होत जाई. हे कुणी बोलून दाखवलं नाही. पण तांब्या पाणी ओतायला उठला आणि गाणं थांबलं, की गर्दीतून आवाज येऊ लागले, "आला, गाणं मोडायला आला!"

सांडशीने त्याला बाजूला घेतलं. "तांब्याराव, तुमचं प्रेम कळतं हो मला. पण लोक कुठून कुठून आलेत. मध्ये उठू नका. पुढच्या रांगेत तुमची मानाची जागा ठेवलीय." तांब्या मानाच्या जागेवर जाऊन बसला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीक मात्र दुसरीच्या वाट्याला यायची होती.

तिसऱ्या हिवाळ्यात किटली सांडशीला म्हणाली, "जरा खाली उतरवता का मला?"

"उतरवते की. एवढी बैठक होऊ दे."

ती झाली, मग आणखी एक झाली. पाणी मागायची सोय नव्हती, पण गाण्यात काय म्हणावं याला कुणी रीत घातलेली नव्हती. म्हणून किटलीने तिसरं गाणं रचलं. त्यात बर्फ नव्हता, छप्पर नव्हतं. दोनच ओळी होत्या:

तळाला चटका बसतो,
घोटभर पाणी घाला.

राज्य वेडं झालं. इतकं आर्त आजवर कुणी गायलं नव्हतं, असं सगळे म्हणू लागले. वयाने आणि पोटाने सर्वांत मोठा असलेला रांजण कानाकोपऱ्यात व्याख्यानं देत फिरला, की इथे पाणी म्हणजे पाणी समजायचं नाही, प्रेम समजायचं. वाट्यांनी माना डोलावल्या. आठ दिवसांत ओळी लहानथोरांना पाठ झाल्या, आणि किटलीने पहिली ओळ घेतली की दुसरी सगळा चौक मिळून म्हणू लागला.

तांब्याला पहिल्याच वेळी कळलं होतं. व्याख्यानाची त्याला गरज नव्हती. पाणी नसलं की तिचं दुखतं, हे त्याला खुद्द तिनेच सांगितलं होतं. तरी तो उठला नाही. एवढ्या लोकांत कसं उठायचं, म्हणून एक बैठक गेली. आज कुणीतरी दुसरा उठेल, म्हणून दुसरी गेली. शिवाय गाणं खरोखरच फार गोड होतं, आणि याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटत होती.

शेवटच्या दुपारी किटली ओळीच्या मध्येच थांबली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण चौक गात होता. तांब्याने पाहिलं, तिचा तळ लाल झाला होता. मग तो उठला. शिव्या खात, अंग चोरत चुलीपर्यंत गेला आणि होतं नव्हतं ते सगळं पाणी त्याने तिच्यात ओतलं.

टण् असा एक आवाज झाला. तोटीपासून तळापर्यंत बीड तडकलं होतं. गर्दीला वाटलं, हा शेवटचा सूर. टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.

त्यानंतर त्या राज्यात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. घरी चुलीवर चढलेल्या कुठल्याही भांड्यात पाणी तापलं, की त्याच्या पोटातून आपोआप त्या दोन ओळी निघत. भांडी घाबरून झाकण घालत, झाकणावर वजन ठेवत. ओळी फटीतून येत. अखेर रांजणाने तोडगा सुचवला, आणि दर हिवाळ्यात किटली तडकली त्या तारखेला चौकात जमून सगळ्यांनी ते गाणं गायचं ठरलं.

यंदाही सगळे आले, काठोकाठ भरून, लखलखीत घासून. तांब्या शेवटच्या रांगेत बसला होता. गाणं मोडणारा म्हणून त्याच्यात त्या दिवसापासून कुणी थेंबभर ओतलं नव्हतं, आणि त्यानेही मागितलं नव्हतं. तो गात नव्हता. पण हजार तोंडांचा सूर त्याच्या कोरड्या पोटात शिरला, आत फिरला, आणि बारीक, गोड होऊन बाहेर आला.

चौक एकदम गप्प झाला. सगळ्या माना मागे वळल्या.

"तीच!" रांजणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी तीच हो!"

सांडशी आपल्या जागेवरून उठली. तिने रांगा ओलांडल्या आणि तांब्याचा काठ अलगद धरला. मधली भांडी चुलीपर्यंत वाट करून देण्यासाठी बाजूला सरकली, अगदी सावकाश, आपल्यातलं पाणी सांडणार नाही अशा बेताने.