पोखरवाडीच्या ओढ्यावरचा पूल

"पूल कुठे आहे, ताई?"

दारात शर्वाणी उभी होती. जीन्स कमरेपर्यंत ओली, ओथंबलेले बूट हातात, लॅपटॉपची पिशवी अजून डोक्यावरच. पिशवी खाली घ्यावी हेही तिला सुचलं नव्हतं.

द्वारकाताई चौरंगावर लॅपटॉप ठेवून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नकाशात आहे की."

"नकाशात आहे म्हणूनच त्या वाटेने आले."

"मग?"

"ओढ्यात नाहीये."

ताईंनी एक ओळ टाइप केली, पुसली.

"पाणी किती होतं?"

"मधोमध कमरेला लागलं."

"परवा आली असतीस तर गळ्याला लागलं असतं. पिशवी उतरव."

शर्वाणी खांबेटे काही ऐरीगैरी मुलगी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. 'वाटाड्या' नावाचा एक नकाशा आहे. तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. ज्याला आपल्या गावची वाट ठाऊक आहे त्याने ती घरबसल्या काढावी आणि बाकीच्यांनी तिच्यावरून चालावं, असा तो चालतो. ज्या साधनाने ही माणसं नकाशा काढतात तो एडिटर द्वारकाताई कुरणे यांनी उभा केला. टेलिफोन एक्स्चेंजातली नोकरी करता करता, पन्नाशी उलटल्यावर, रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर त्या प्रोग्रामिंग शिकल्या. शिकवायला कुणी नव्हतं म्हणून कुणाचं वाईट वळणही लागलं नाही, असं त्या चारचौघांत सांगत. खरंच होतं ते.

त्या एडिटरमध्ये एक जुना बग होता. दोघांनी एकाच वेळी एकच रस्ता दुरुस्त केला की एकाचं काम गायब व्हायचं. ताईंनी दोन वर्षं डोकं आपटलं, सापडला नाही. शर्वाणीने तो शोधला आणि मारला. त्या दिवशी ताईंनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं, "हे मला जमलं नाही. हिला जमलं."

तेव्हापासून शर्वाणीची मान ताठ झाली. का होऊ नये? कामच तसं होतं.

आता तिला किल्ली हवी होती. किल्ली म्हणजे एडिटरच्या कोडमध्ये कुणालाही न विचारता बदल करायचा हक्क. ती एकट्या ताईंकडे होती. बाकी सगळ्यांचं काम त्यांच्या नजरेखालून जायचं. शर्वाणीने फोनवर किल्ली मागितली तेव्हा ताई म्हणाल्या, जेवायला ये. आणि वाटेत कुणाला काही विचारू नको, वाटाड्या दाखवील तशी ये.

"कुठल्या गाढवाने काढला हो तो पूल?"

ताईंनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

"बघ की."

शर्वाणी ओल्या कपड्यांनिशीच खाली बसली. नकाशावरच्या पोखरवाडीच्या ओढ्याला तिने बोट लावलं. पूल कुणी काढला त्याचं नाव खाली येतं. तिथे कुणाचंच नाव नव्हतं. फक्त एवढंच होतं: 'उत्तर मिळाले नाही. पूल गृहीत धरला.'

तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

वाक्य तिचंच होतं.

झालं होतं ते असं. एडिटरमध्ये कुणी रस्ता ओढ्यावरून नेला की तिथे एक लाल खूण उमटायची आणि प्रश्न यायचा, पूल आहे की फरशी? फरशी म्हणजे ओढ्याच्या तळाला घातलेलं सपाट काँक्रीट, वरून पाणी वाहतं आणि त्यातून गाडी जाते. उत्तर दिलं की खूण गेली. पण गावोगावच्या लोकांची तक्रार येत राहिली, लाल खूण जात नाही. शर्वाणीने आपल्या घरी बसून पाहिलं. पूल म्हटलं, गेली. फरशी म्हटलं, गेली. माझ्याकडे तर जाते, असं तिने त्यांना कळवलं. तरी तक्रारी थांबेनात. तेव्हा तिने ठरवलं की लोकांना उत्तर द्यायचाच कंटाळा आहे, आणि एडिटरला शिकवलं की उत्तर आलं नाही तर पूल धरून चाल. एका दुपारीत अख्ख्या नकाशावरच्या लाल खुणा मावळल्या. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

"हे आत तुम्हीच घेतलंत, ताई." शर्वाणीची मान अजून खाली आली नव्हती.

"घेतलं की. लाल खुणा गेल्या, मलाही गोड वाटलं. मग दूधवाला सांगत आला, तुमचा नकाशा माणसांना ओढ्यात घालतो म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं? आणि तरी मला त्याच वाटेने..."

"ऐकलं होतं. आपल्यातल्या कुणी बघितलं नव्हतं."

शर्वाणीने मग बरंच काही सांगितलं. तिने अंदाज उगाच बांधला नव्हता. तालुक्या-तालुक्यातले ओढे काढून ताडून पाहिले होते, दहांतल्या नऊ ठिकाणी पूलच निघाला होता. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग दहाव्यात तूच कशी पडलीस?"

ताई उठल्या, आतून कोरडी साडी घेऊन आल्या. आधी कपडे बदल म्हणाल्या.

"आधी हे," शर्वाणी म्हणाली आणि पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. "धरलेले पूल काढून टाकते."

"सगळे?"

"सगळे."

"त्यातले नऊ खरे आहेत म्हणालीस."

"मग खरे ठेवते."

"कुठले?"

शर्वाणीची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. बाहेर कुणाच्या तरी म्हशी गेल्या.

"कुठले ते मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "लाल खुणा परत आणते. जिथे आपल्याला माहीत नाही, तिथे माहीत नाही असंच दिसू दे."

काम सोपं होतं, तिच्यासाठी तर फारच सोपं. पण बदल आत घालायचा तर काय केलं ते एका ओळीत लिहावं लागतं. ती ओळ आणि लिहिणाऱ्याचं नाव कायमचं राहतं, कुणीही वाचावं. शर्वाणीने लिहिलं: 'किरकोळ सुधारणा.'

या धंद्यातल्या माणसाला झाकायचं असेल तेव्हा तो हेच दोन शब्द लिहितो.

ताईंनी दाराशी पडलेला एक बूट उचलला आणि वाटीवर उलटा केला. ओढ्याचं पाणी निथळलं, मागून थोडी वाळू आली. ती वाटी त्यांनी लॅपटॉपशेजारी ठेवली.

"लोक हसतील, ताई."

"हसतील."

"ज्यांनी डोक्यावर घेतलं तेच हसतील. माझं एवढं नाव झालंय..."

"झालंय ना मोठं? मग एवढं मावेल त्यात."

शर्वाणीने ताईंकडे पाहिलं. चेष्टा करताहेत की काय, ते तिला कळेना. ताईंचा चेहरा चेष्टेचा नव्हता. त्या भिंतीला टेकून मोबाईलवर काहीतरी करत होत्या, चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाशी.

तिने ती ओळ पुसली. पाठ सरळ केली आणि लिहिलं: 'जिथे पूल आहे की नाही हे मला माहीत नव्हतं तिथे मी पूल धरून चालले. चूक माझी. शर्वाणी खांबेटे.'

आणि बटण दाबलं.

लाल खुणा परत आल्या. आधी पोखरवाडीत एक, मग शेजारच्या गावात, मग ओढ्याओढ्याने वर डोंगरापर्यंत, सगळा तालुका लाल झाला. तिने गाजवलेली ती दुपार तिच्या डोळ्यांदेखत पुसली गेली. ती बघत राहिली. नजर वळवली नाही, एवढं तिचं मानलं पाहिजे.

मग तिने पोखरवाडीची खूण उघडली. निदान या एका ठिकाणचं तरी आता तिला ठाऊक होतं, पाण्यात उभं राहून ठाऊक झालं होतं.

प्रश्न आला. पूल आहे की फरशी?

तिने बोट उचललं... आणि ते तसंच हवेत राहिलं. पूल नव्हता. फरशीही नव्हती, तळाला गोटे होते, तळवे अजून ठणकत होते. तिने खिडकी बंद करून पुन्हा उघडली. प्रश्न तोच, उत्तरं तीच दोन.

"ताई."

"काय?"

"लाल खूण जात नाही."

स्वतःच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि तिला हसू फुटलं. गावोगावचे लोक नेमकं हेच लिहीत होते, याच शब्दांत, आणि ती त्यांना आळशी समजली होती. ज्यांच्या ओढ्यावर काहीच नाही त्यांना द्यायला उत्तरच नव्हतं. कंटाळले कुठे होते ते? खोटं बोलत नव्हते, एवढंच.

हसू आवरून तिने विचारलं, "हा प्रश्न कुणी लिहिलाय?"

"मी."

"तुमच्या घराखालचा ओढा आहे, ताई."

"मी एसटीने येते. वरच्या डांबरी रस्त्याने. खाली कधी उतरले नाही."

ताईंची मान ताठच होती. लवायची सवय त्या मानेला नव्हती, आणि खोटं बोलायचीही नव्हती.

शर्वाणीने तिसरं उत्तर घातलं: 'काहीच नाही, पाण्यातून जावं लागतं.' ते निवडलं. पोखरवाडीची लाल खूण विझली, आणि या वेळी ती खरंच विझली. मग एका ओळीत लिहिलं: 'प्रश्नात एक उत्तर राहून गेलं होतं.'

कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला.

"कुणाच्या प्रश्नात?"

"राहू दे ना, ताई."

"का? माझं नाव काय लहान आहे?"

शर्वाणीने बदललं: 'द्वारका कुरणे यांच्या प्रश्नात एक उत्तर राहून गेलं होतं.' ताईंनी ते मोठ्याने वाचलं. मग आणखी एकदा वाचलं, एखादीने लग्नपत्रिकेवरचं आपलं नाव वाचावं तसं, आणि म्हणाल्या, आता घाल.

तिने बटण दाबलं. बदल आत गेला.

आणि मग तिच्या लक्षात आलं. मघाचा गेला, आत्ताचाही गेला. एरवी प्रत्येक वेळी एडिटर थांबायचा, ताईंची मंजुरी हवी म्हणायचा. आज दोन्हीदा थांबला नव्हता.

"ताई... याने तुम्हाला विचारलंच नाही. किल्ली कधी दिलीत?"

ताई केव्हाच उठल्या होत्या, मघाचा मोबाईल भिंतीशी तसाच पडला होता. त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली, चपला पायात न घालता हातात घेतल्या. जेवण, असं शर्वाणी म्हणाली, तर भात झाकलेला आहे म्हणाल्या, ओढा बघून येऊ. उंबऱ्याशी जाऊन मात्र त्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

"पुढे तू हो."