न वाळणारा रंग

“आता यात तुमचा चेहरा दिसतोय. अजून किती घासू, वस्ताद?”

“चेहरा बघायचाय की धूर जायचाय?”

भूपाल मगदूम हसला आणि पुन्हा घासू लागला. सकाळचे अकरा वाजले असतील. जयसिंगपूरच्या सांगली रस्त्यावर दस्तगीर वस्तादांच्या शेडमध्ये चहा आला होता आणि वस्ताद चहात खारी बुडवत होते. भूपालच्या मांडीवर जुन्या फियाटचा हेडर होता. इंजिनातून निघणारा जळका धूर चार नळ्यांनी गोळा करून सायलेन्सरकडे नेतो, तो हा लोखंडी जोड. गाडी वर्षभर ताडपत्रीखाली उभी राहिल्यामुळे त्याच्यावर लाल गंजाचे पापुद्रे धरले होते.

गाडी भूपालच्या धाकट्या भावाची, सुकुमारची. तो चाकणच्या कारखान्यात होता. दिवाळीला येणार होता आणि मुलीला शेजारी बसवून आंबोली घाटात गाडी शिकवणार होता. तोवर सगळं लख्ख करून ठेवायचं भूपालनं अंगावर घेतलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. भूपालनं डाव्या हातानं तो कानाला लावला. उजव्या हातातला तारेचा ब्रश तसाच राहिला.

पलीकडचा माणूस सुकुमारच्या खात्यातला होता. सुकुमार जेवणाच्या सुट्टीआधी मशीनसमोर बसल्या जागी गेला होता.

वस्तादांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि उठून त्याच्या मुठीतून ब्रश सोडवून घेतला.

“जा,” ते म्हणाले.

*

पाहुणेरावळे परतल्यावर भूपाल पुन्हा शेडमध्ये आला. काखेत हेडर होता, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला.

“गंज गेला?”

“एक कण उरला नाही. रोज घासतोय.”

“दिसतंय. पोरगी कशी आहे?”

“त्रिशला? बरी आहे. गाडी मागतेय. शिकाऊ लायसन्स काढलंय म्हणे. बाबांच्याच गाडीवर शिकणार म्हणते.”

“मग?”

“नाही म्हणालो.” भूपालनं फडकं नीट केलं. “सुकुमारचा हात फिरलेली वस्तू आहे, वस्ताद. ती आता बाहेर निघायची नाही. आहे तशी राहू दे. मला फक्त याच्यासाठी रंग द्या. जन्मात पुन्हा गंज चढणार नाही असा.”

“आहे तशी...” वस्ताद म्हणाले. मग फळीवरून काळ्या रंगाचा एक डबा काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. “हा आच सोसतो. पातळ हात दे. एकावर एक.”

“रंग कसा द्यायचा ते मला सांगताय?”

“छे. तू मोठा माणूस.”

हा टोमणाही होता आणि खरंही होतं. मिसरूड फुटायच्या आधी भूपाल याच शेडमध्ये पाने-पकडी उचलून द्यायला आला होता. इंजिनाचं काम त्याला मानवलं नाही. नखांतलं काळं जात नाही म्हणून तो गाड्यांच्या रंगकामाकडे वळला आणि त्यात त्यानं नाव काढलं. त्यानं रंगवलेल्या गाडीला मार कुठं बसला होता ते खुद्द मालकाला सापडत नसे. भूपालला हे ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे तो कुणापासून लपवतही नसे.

घरी येऊन त्यानं लोखंड पॉलिश पेपरनं हलकं खरबरीत केलं. थिनरनं पुसलं. खोलीची खिडकी लावून घेतली आणि धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं. पातळ हात दिले, एकावर एक. मग हेडर तारेला टांगला आणि दाराला कुलूप लावलं. त्रिशला चहा घेऊन आली तर तिलाही त्यानं आत येऊ दिलं नाही.

आठवड्यानं त्यानं नख लावून पाहिलं. रंग नखाखाली निघून आला.

सगळा खरवडून त्यानं पुन्हा दिला. पुन्हा तेच.

*

“रंग बनावट आहे, वस्ताद.”

वस्ताद एका जीपखाली आडवे होते. बाहेर फक्त पाय दिसत होते.

“कशावरून?”

“वाळतच नाही. नखानं निघतोय. दोनदा दिला.”

“ठेवला कुठं होतास?”

“बंद खोलीत. वारा नाही, ऊन नाही. वर माशी बसू दिली नाही.”

जीपखाली पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

“गाडी कुठं आहे?”

“घरी. ताडपत्रीखाली.”

वस्ताद जीपखालून सरपटत बाहेर आले. हात पुसले. कोपऱ्यातली एक बॅटरी उचलून त्यांनी स्कूटरवर ठेवली.

“बॅटरी कशाला?”

“असू दे. चल.”

घरी पोचल्यावर त्यांनी भूपालला हेडर पुन्हा रंगवायला लावला. हाताला लागणार नाही इतपत सुकेपर्यंत ते अंगणात बसून राहिले, दोनदा जेवायचं बोलावणं परतवलं. मग स्वतःच्या हातानं ताडपत्री ओढली, हेडर जागेवर बसवला, एकेक नट आवळला आणि बॅटरी जोडली. त्रिशला उंबऱ्यावर उभी राहून बघत होती.

“किल्ली?” वस्तादांनी विचारलं.

“वस्ताद, मी सांगितलंय. गाडी चालू करायची नाही.”

“रंग पक्का व्हायला हवाय ना?”

“हो.”

“मग किल्ली दे.”

“द्यायचीच असती तर त्रिशलाला...” भूपाल थांबला. किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. फोन आला त्या दिवसापासून तिथंच होती. त्यानं ती काढली आणि वस्तादांच्या पुढे धरली.

वस्तादांनी हात पुढे केला नाही. त्यांनी मान उंबऱ्याकडे वळवली.

भूपाल किल्ली धरून तसाच उभा राहिला. शेवटी त्रिशलाच पायऱ्या उतरून आली आणि तिनं हळूच ती त्याच्या बोटांतून काढून घेतली. त्यानं बोटं आवळली नाहीत.

इंजिन आधी खोकलं, मग लागलं. थोड्याच वेळात उघड्या बॉनेटमधून धूर निघाला. उग्र वासाचा, पांढरा. हेडरच्या अंगातून तो वर येत होता.

भूपाल धावला. “बंद कर. त्रिशला, बंद कर.”

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. “चालू राहू दे, पोरी.”

“जळतोय तो, वस्ताद.”

“जळत नाही. आचेनं बसतोय.”

“धूर दिसत नाही का तुम्हाला?”

“दिसतोय. येऊ दे.”

थोड्या वेळानं त्यांनीच गाडी बंद करायला लावली. लोखंड निवू लागलं. मधूनच टक्क असा आवाज येई. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा चालू, या वेळी जरा जास्त. धूर कमी आला. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा धूर आलाच नाही.

गार झाल्यावर भूपाल वाकला आणि नख लावलं. मग आणखी जोरानं लावलं. नखालाच चीर गेली.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू रंग मागितलास. मी रंग दिला.”

त्रिशलानं काच खाली केली. “आप्पा, पेट्रोल पंपापर्यंत जाऊन येऊ? तुम्ही शेजारी बसा. मला क्लच नीट जमत नाही.”

“तुझ्या बापालाही जमत नव्हता,” भूपाल म्हणाला. तो बसला. दार एकदा आपटून लागलं नाही, दुसऱ्यांदा लागलं.

गाडी धक्का देऊन बंद पडली. पुन्हा लागली. फाटकापाशी भूपालनं तिला थांबायला सांगितलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“वस्ताद... आता परत गंज नाही ना चढणार?”

वस्ताद ताडपत्रीची घडी घालत होते.

“बाहेरून नाही. नळ्या आतून घासलेल्या नाहीत, भूपा.”