कुंकू लावलेला पोचा

“इथं कुणालातरी वाटतं, आपल्याला गुरूंपेक्षा जास्त दिसतं.”

भार्गवदादा हे सगळ्यांकडं बघत म्हणाला. म्हणजे कुणाकडंच न बघता.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनीही.

एक मान वर राहिली. ऋजुताची.

“नाव घ्या ना,” ती म्हणाली. “कुणाला वाटतं?”

चिंचेखाली सतरंजी अंथरली होती. मधोमध गंगाधरबुवा डोळे मिटून बसले होते. त्यांच्यासमोर जीपची किल्ली ठेवली होती. भार्गवदादा त्यांचा थोरला शिष्य. ऋजुता सगळ्यांत नवी. डॉक्टर झाली, शहरातल्या मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडली आणि बुवांच्या मठात आली. आईवडील अजून तिच्याशी बोलत नव्हते.

ती आली होती त्या ट्रेलरसाठी.

मठाला एका भक्तानं तो दिला होता. लांबलचक, चाकांवरचं घरच. पुढं जीप जोडायची आणि गावोगाव न्यायचा. आत झोपायच्या फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, आणि मागच्या भागात दवाखाना. जिथं डॉक्टर जात नाही तिथं तो जायचा. मुक्कामाच्या जागी मात्र तो उलटा, रिव्हर्समध्ये आत घालावा लागे.

काल संध्याकाळी, या तळ्याकाठच्या माळावर, ऋजुता तो आत घेत होती. मागून बुवांचा आवाज येत होता.

येऊ दे… येऊ दे…

अर्ध्यात तिनं ब्रेक दाबला.

येऊ दे, बुवा पुन्हा म्हणाले.

तिनं गाडी बंद केली. खाली उतरली आणि सगळ्या गावासमोर विचारलं, “बुवा आहेत कुठं?”

भार्गवदादानं तिच्या हातातून किल्ली काढून घेतली होती. तेव्हापासून ट्रेलर तसाच होता. अर्धा माळावर, अर्धा रस्त्यावर. निकाल लागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नव्हता.

“मागं काय होतं?” भार्गवदादानं आता विचारलं.

“काही नव्हतं.”

“खड्डा?”

“नाही.”

“झाड? दगड? जनावर?”

“नाही. मोकळं होतं.”

“मग थांबलीस कशाला?”

“मोकळं आहे हे मला उतरल्यावर कळलं. गाडीत बसून कळत नव्हतं.”

“बुवा सांगत होते ना!”

“बुवा दिसत नव्हते. आरशात नव्हते. नुसता आवाज येत होता.”

“श्रद्धेला आरसा लागत नाही.”

“श्रद्धेला नसेल लागत,” ऋजुता म्हणाली. “ट्रेलरला लागतो.”

कुणीतरी हसलं, आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

रस्त्यावर एक म्हातारा बैलगाडी घेऊन खोळंबला होता. त्याच्या गालाला फडकं बांधलं होतं. दाढ सुजली होती.

“अहो,” तो तिथूनच ओरडला, “ते ट्रेलर आधी बाजूला घ्या, मग भांडा की निवांत!”

त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. गुरुभक्तीचा प्रश्न होता. दाढेचा नव्हता.

भार्गवदादाचा आवाज खाली आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखर दुखलं होतं.

“ताई, मागच्या वर्षी मी होतो गाडीवर. बुवा म्हणाले येऊ दे. मी आलो. पाराच्या कट्ट्यावर आदळलो. पण थांबलो नाही. तो बघ.”

ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर पोचा होता. परातीएवढा. त्याला कुंकू लावलेलं होतं. रोज सकाळी मठातल्या सोनाकाकू तिथं एक फूल वाहायच्या. गुरूंच्या इच्छेची खूण म्हणून गावोगावची माणसं त्याला हात लावून नमस्कार करायची. आणि भार्गवदादानं, आपली श्रद्धा कमी पडली म्हणून आदळलं असं मानून, त्या दिवसापासून मीठ सोडलं होतं.

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, हे कुणी विचारलं नव्हतं.

“तुमचा पोचा आहे,” ऋजुता म्हणाली. “माझ्या वेळी माणूस असता तर?”

“कोण माणूस?”

“बुवा.”

“गुरू चाकाखाली कसे येतील?”

“जसं कुणीही येतं तसे.”

बैलानं मान हलवली तेवढी घुंगरं वाजली.

“ऐकलंत, बुवा?” भार्गवदादा हात जोडून म्हणाला. “आता तुम्हीच सांगा. मठाची रीत आहे. ज्यानं आज्ञा मोडली त्यानं सगळ्यांसमोर चुकलो म्हणायचं. पायावर डोकं ठेवायचं. विषय संपला.”

“डोकं ठेवते,” ऋजुता म्हणाली. “आत्ता ठेवते. पण चुकले म्हणणार नाही.”

“मग दुपारची एसटी आहे.”

ती उभी राहिली.

“जाईन. दवाखाना सोडून जाताना रडेनही, वाटेत. इथं नाही. पण एक सांगून जाते. बुवा, माफी मागायचीच असेल तर ती तुम्ही मागायला हवी. आरशातून मी नव्हते गेले. तुम्ही गेलात.”

कुणीतरी “शिव शिव” म्हणालं.

बुवांनी डोळे उघडले.

किल्लीकडं बघितलं.

“मी कुठं उभं राहायला हवं होतं?” त्यांनी विचारलं.

प्रश्न कुणाला आहे, हे कुणालाच कळेना. बुवांना कधी कुणी प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं. प्रश्न ते विचारायचे आणि लोक ते घरी घेऊन जायचे.

“मी विचारतोय,” बुवा म्हणाले. “मला गाडी येत नाही. कुठं उभं राहायचं?”

“असं सांगता नाही येणार,” ऋजुता म्हणाली. “गाडीत बसून बघावं लागेल.”

बुवांनी किल्ली उचलून तिच्यापुढं धरली.

“बघ.”

ती जीपमध्ये जाऊन बसली. बुवा ट्रेलरच्या मागं गेले. कालच्याच जागी, मधोमध.

“दिसतो?”

“नाही!”

ते डावीकडं सरकले.

“आता?”

“नाही. तिकडं नुसती ट्रेलरची भिंत दिसते. माझ्या बाजूला या. उजवीकडं.”

उजवीकडं तळ्याचं पाणी झिरपून चिखल झाला होता. त्यात बेशरमाची झुडपं माजली होती. बुवांनी वहाणा काढल्या. एक शिष्य छत्री घेऊन धावला. दुसरा हात धरायला. तिसऱ्यानं पायाखाली टाकायला सतरंजी आणली. भार्गवदादा सगळ्यांच्या पुढं.

“बुवा, चिखल आहे! तुम्ही नका, मी उभा राहतो!”

जीपमधून आवाज आला.

“बुवा, ही माणसं बाजूला करा! तुम्ही झाकले जाताय.”

बुवा थांबले. आपल्याभोवतीच्या शिष्यांकडं त्यांनी एकेक करून पाहिलं. जणू पहिल्यांदाच मोजत होते.

“ऐकलंत ना,” ते म्हणाले. “बाजूला व्हा.”

“बुवा, छत्री तरी…”

“छत्रीही.”

ते एकटे चिखलात उतरले. घोट्यापर्यंत. मग पोटरीपर्यंत.

“इथं?”

“खांदा दिसतो.”

“खांदा पुरत नाही?”

“नाही. हात दिसले पाहिजेत. चेहराही.”

आणखी दोन पावलं. धोतराचा सोगा चिखलात लोळू लागला.

“इथं?”

“दिसता!”

बुवांनी हात वर केला.

“येऊ दे.”

जीप गुरगुरली. ट्रेलर हळूहळू मागं सरकू लागला, डुलत, कुरकुरत. आतली भांडी वाजत होती. बुवा हातानं दाखवत होते, ती आरशात बघत होती. इकडून एक जण ओरडला, डावीकडं मार! तिकडून दुसरा, अगं उजवीकडं! तिनं कुणाचंच ऐकलं नाही.

मग बुवांचा पाय घसरला.

ते बेशरमाच्या झुडपात बसले ते दिसेनासेच झाले.

ट्रेलर तिथल्या तिथं थांबला.

झुडपातून आवाज आला. “काही नाही झालं! येऊ दे!”

ट्रेलर हलला नाही.

“मी इथं आहे! लांब आहे! येऊ दे!”

जीपचं इंजिन बंद झालं.

काल मोडली तीच आज्ञा, तीच बाई, तेच गाव. भार्गवदादाची मूठ वळली होती.

“दिसत नाही, बुवा,” ऋजुता म्हणाली. मोठ्यानं नाही. उद्धटपणेही नाही. घागरीत पाणी नाही म्हणावं तसं.

झुडूप हललं. बुवा उठले. अर्धं अंग चिखलानं माखलेलं, दाढीत एक जांभळं फूल अडकलेलं. त्यांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला आणि दोन्ही हात वर केले.

“आता?”

“आता दिसता.”

इंजिन पुन्हा सुरू झालं.

ट्रेलर दोन बाभळींच्या मधे जाऊन उभा राहिला. सरळ. रस्ता मोकळा झाला. बैलगाडीतल्या म्हाताऱ्यानं बैल सोडले, आणि गाल धरून दवाखान्याच्या पायरीशी सगळ्यांत आधी येऊन बसला.

बुवा चिखलातून बाहेर आले. हात द्यायला पुढं व्हायचं की बाजूलाच राहायचं, हे शिष्यांना ठरवता येईना. बुवा चालत ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याशी गेले. पोचा होता तिथं.

“भार्गव, हे झालं तेव्हा मी कुठं उभा होतो?”

“मागं होतात, बुवा.”

“मागं कुठं?”

भार्गवदादानं ट्रेलरच्या मागं बघितलं.

“…माहीत नाही.”

“दिसत होतो?”

“नाही.”

“मग आलास कशाला?”

“तुम्ही येऊ दे म्हणालात म्हणून.” त्याचा आवाज चढला. “तुम्ही म्हणालात म्हणून आलो, बुवा! आता तुम्हीच असं विचारणार असाल, तर मी वर्षभर मिठाशिवाय जेवलो ते कशासाठी?”



तो तसाच उभा राहिला. उत्तर मिळाल्याशिवाय हलायचं नाही, अशा थाटात. आयुष्यात पहिल्यांदा.

बुवांनी उपरण्याचं कोरडं टोक शोधलं. पोच्यावरचं कुंकू पुसू लागले. थरावर थर होते. कालचा, परवाचा, त्याच्या आधीचा. पुसता पुसता उपरणं लाल झालं. शेवटी खाली पत्रा दिसला. चेपलेला, रंग उडालेला. कडेनं थोडा गंजलेला.

“भार्गव,” बुवा म्हणाले. “चुकलो.”

ऋजुता जीपच्या दारात उभी होती, किल्ली हातात. तिनं अजून तो शब्द उच्चारला नव्हता.

“तू काय बघत राहिलीस?” बुवा तिला म्हणाले. “दवाखाना उघड. त्या बाबांची दाढ ठणकतेय.”

ती निघाली. तेवढ्यात सोनाकाकू आल्या. सकाळपासून चुलीशी होत्या, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. ओंजळीत जास्वंदीचं फूल होतं. नेहमीसारख्या कोपऱ्याशी गेल्या, वाकल्या आणि थबकल्या. पुसलेल्या पत्र्याकडं त्यांनी बघितलं. मग बुवांकडं, डोक्यापासून पायापर्यंत.

“आता हे फूल कुठं वाहायचं हो, बुवा? तुमचं पाय तर चिखलानं भरल्यात.”