रुप्याचा मंडप आणि सुगंधी वाटाणा

‘तणावा’ म्हणजे वेलीचे बोट. पानाच्या टोकाशी फुटणारा हा कोवळा तंतू वाऱ्यावर चाचपडत राहतो आणि काडी किंवा दोरा लाभताच त्याला विळखा घालतो. जाड, गुळगुळीत खांब मात्र त्याच्या मुठीत मावत नाही. नेमके हेच राजा जयध्वजाला ठाऊक नव्हते!

त्याने बागेत रुप्याचा मंडप उभारला, भोवती सुगंधी वाटाण्याचे वेल लावविले आणि रखमाजी माळ्याला फर्मावले, “वसंतोत्सवाला मंडप फुलांनी झाकलेला हवा! पण माझ्या रुप्याला काडी किंवा दोरी लावशील, तर तुझे माळीपण गेले आणि बागेतले घरही गेले!”

वेल खांबांशी झटत आणि घसरून मातीत लोळत. रखमाजीने कपाळाला हात लावला.

“आबा, असे हातपाय का गाळता?” त्याची लेक पवळा म्हणाली. “आपल्या हातांना बंदी आहे. महाराजांच्या हातांना कुठे आहे?”

“अगं, जीभ आवर! दोघांच्याही माना जातील!”

दुसऱ्या दिवशी राजा मंडपात येऊन बसला. पवळा फुलांची परडी घेऊन बाहेरच थबकली.

“आत ये की, पोरी!”

“नको, महाराज. वास्तुशांत झाल्यावाचून नव्या वास्तूत पाऊल कसे टाकावे?”

राजा चटकन उठून बाहेर आला. राजपुरोहितांना पाचारण झाले. होम झाला आणि रीतीप्रमाणे यजमानाने, म्हणजे राजाने, स्वहस्ते मंडपाभोवती सुताचे तीन फेरे घातले.

“झाले?” पवळा हळूच उद्गारली. “तीन फेरे तर आबांनी आमच्या खोपटालाही घातले होते!”

राजाच्या भुवया चढल्या. “खोपटे आणि रुप्याचा मंडप एका पंक्तीला? आणा आणखी सूत!”

खांबामागून खांब, फेऱ्यावर फेरा! पायथ्यापासून छतापर्यंत सुताची जाळी विणली गेली. राजा घामाने निथळला.

“महाराज, आता पुरे!” पुरोहित काकुळतीला आले.

“पुरे म्हणणारे तुम्ही कोण? आणि ऐका, हे सूत जो तोडील त्याची गय नाही!”

वेल त्या सुतावरून भराभर चढले आणि राजा सूत विसरूनही गेला. वसंतोत्सवाला मंडप जांभळ्या-गुलाबी फुलांनी घमघमत होता. राजाने कौतुकाने एक पान बाजूला सारले आणि तो गरजला, “रखमाजी! हा दोरा कसला?”

पवळा पुढे झाली.

“महाराज, ज्याने दोरा बांधला त्याचे माळीपण गेलेच पाहिजे. पण तो माळी सिंहासनावर बसतो. त्याला उठवायचे कोणी?”

राजा पोट धरून हसू लागला. “वा गं पोरी! घाम माझा आणि माळीपण तुझ्या बापाचे!” त्याने बागेतले घर रखमाजीला वंशपरंपरेने इनाम दिले आणि बागेचा सारा कारभार पवळाच्या हाती सोपविला.

लोक सांगतात, पवळाने चोरून दोरे बांधले. हे साफ चूक आहे. त्या सुताला तिचे बोटही लागले नव्हते. वरचे फेरे घालायला महाराज शिडीवर चढले, तेव्हा तिने केवळ शिडी धरली होती.