कलमांचे कपाट

एका तालुक्याच्या गावी, कचेरीसमोरच्या बदामाच्या झाडाखाली दोन दस्तलेखक शेजारी शेजारी बसत. एक त्र्यंबकराव, दुसरे याकूबभाई. लोकांचे करारनामे लिहून देणे हा दोघांचा धंदा.

त्र्यंबकरावांना करारातल्या कलमांचा भारी नाद. भाडेपट्टा असो, भागीदारी असो, नेमके जमलेले कलम ते वेगळ्या कागदावर उतरवून ठेवत. पण ठेवण्याआधी याकूबभाईंना वाचून दाखवत.

"'भाडेकरूने छपराची दुरुस्ती करावी.' कसं वाटतं?"

"करावी, पण कुणाच्या खर्चानं? भांडणाला मोकळी जागा ठेवलीत की हो!"

त्र्यंबकराव चिडत, खोडत, पुन्हा लिहीत. कलम पक्के होई.

एकदा याकूबभाईंकडे वीटभट्टीच्या भागीदारीचे काम आले. ते म्हणाले, "भागीदार वेगळे होण्याची तुमची कलमं जरा द्या. उतरवून परत करतो."

त्र्यंबकरावांचा हात गठ्ठ्यावर घट्ट बसला. "ही माझी जन्माची मेहनत आहे. अशी वाटत बसलो, तर माझ्याकडे कोण येईल?"

याकूबभाई आपल्या कागदांकडे वळले. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे आटले. पुढे याकूबभाई सांगोल्याला मुलीकडे कायमचे निघून गेले.

त्र्यंबकरावांनी काचेचे कपाट करून घेतले. विषयवार खण, खणाखणाला चिठ्ठी, वर कुलूप. हवे ते कलम चुटकीसरशी सापडे. गिऱ्हाईक माना डोलावत. तरी नवे कलम लिहून झाले, की त्र्यंबकरावांना चुकल्या-चुकल्यासारखे होई. ते शेजारी बघून मोठ्याने वाचत. शेजारी नुसती बदामाची पाने पडलेली असत. कुणीतरी "हे चुकलं" म्हणावे, म्हणून त्यांचा जीव कासावीस होई.

अखेर सगळी कलमे पिशवीत भरून ते सांगोल्याला गेले. याकूबभाई ओट्यावर बसले होते.

"घ्या, सगळी कलमं आणली आहेत. आणि आता परत चला."

याकूबभाईंनी एक कागद डोळ्यांजवळ नेला आणि ते हसले. "नजर गेली, त्र्यंबकराव. मला आता करारनामा काय नि कोरा कागद काय, सारखंच."

"मी वाचतो. तुम्ही फक्त ऐका."

संध्याकाळच्या गाडीपर्यंत ते वाचत राहिले. ऐकता ऐकता याकूबभाई भिंतीला टेकून झोपी गेले. त्र्यंबकरावांनी आवाज न करता कागद आवरले.

गावी परतल्यावर त्यांनी कलमे पुन्हा खणांत लावली आणि कपाटाचे कुलूप काढून टाकले. कचेरीसमोरचे सगळे दस्तलेखक येऊन कलमे उतरवून नेऊ लागले. कुणी चूक दाखवली, तर त्र्यंबकराव आनंदाने सुधारत. पण याकूबभाईंना जी दिसली असती, ती चूक कुणालाच दिसत नसे.

तात्पर्य: विद्येला कुलूप घातले, की विद्या आत सुखरूप राहते, पण तिच्यातले उणे दाखवणारा जिवलग बाहेर राहतो, आणि उशिरा दार उघडून तो परत मिळत नाही.